फोल्डस्कोप: घरी शिकणाऱ्या दोन भावंडांना एक पुरतो का?

मुलं शाळेत न जाता घरी शिकत असली की विज्ञानाबाबत नातेवाईकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: प्रयोगशाळेचं काय? पदार्थविज्ञानाचे बरेचसे प्रयोग स्वयंपाकघरात आणि गच्चीवर होतात. रसायनाचंही मीठ, लिंबू, हळद, खायचा सोडा यांवर बराच काळ भागतं. अडतं ते जीवशास्त्रात, कारण पेशी डोळ्यांनी दिसत नाही. त्यात घरात भावंडं दोन, एक सात-आठ वर्षांचं, दुसरं बारा-तेरा वर्षांचं. धाकट्याच्या हातून पडेल म्हणून महागडा सूक्ष्मदर्शक आणायला मन धजत नाही, आणि खेळण्यातला आणला तर थोरलं दोन दिवसांत कंटाळतं.

अशा घरांसाठी फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक कितपत कामाचा, ते इथे तपासलं आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: जरूर घ्या. मात्र एक मोठा डिलक्स संच घेण्याऐवजी दोन साधे घ्या. कारणं पुढे येतीलच.

फोल्डस्कोप तयार केला मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. प्रकाश मूळचे उत्तर प्रदेशातल्या मवान्याचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. त्यांचा यावरचा शोधनिबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 2015 मध्ये भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यांच्या प्रयोगशाळेशी करार करून हे उपकरण इथल्या शाळा-महाविद्यालयांत आणलं. उपकरण म्हणजे घड्या घालून जुळवायच्या पट्ट्या आणि मधोमध काचेचा एक इवलासा गोल मणी. सगळी करामत त्या मण्यात आहे. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात दोन भिंगं असतात, इथे एकच. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने डबक्याच्या पाण्यातले जीव पाहिले ते अशाच एकभिंगी उपकरणातून, त्यामुळे ‘एका भिंगाने काय होणार’ ही शंका मनातून काढून टाका.

साधा फोल्डस्कोप 140 पट मोठं दाखवतो. हा आकडा कुठून येतो हे थोरल्याकडून काढून घेता येतं. गोल भिंगाचं नाभीय अंतर (भिंगाच्या मध्यापासून समांतर किरणं जिथे एकवटतात तिथपर्यंतचं अंतर) काढायला काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते तो आकडा) भिंगाच्या व्यासाने गुणायचा आणि (अपवर्तनांक वजा 1) च्या चौपटीने भागायचा. बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.52 आणि मण्याचा व्यास 2.38 मिलिमीटर धरला तर नाभीय अंतर येतं जवळपास 1.75 मिलिमीटर. डोळ्याला स्पष्ट दिसायचं किमान अंतर 250 मिलिमीटर मानतात. 250 ला 1.75 ने भागा, उत्तर 140 च्या घरात येतं. मणी जितका लहान तितकं मोठं दिसणार, हेही त्याच सूत्रातून कळतं. पाठ्यपुस्तकातलं प्रकाशाचं प्रकरण हातात घेऊन करायला इतकं चांगलं उदाहरण सहसा मिळत नाही.

140 पट हा आकडा ऐकून निराश होऊ नका. बाजारात ‘1200 पट’ लिहिलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्मदर्शक मिळतात, त्यांत मोठं दिसतं पण स्पष्ट दिसत नाही. खरं महत्त्व असतं ते जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसतात का याला. फोल्डस्कोप सुमारे 2 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते वेगळे दाखवतो. म्हणजे कांद्याची पेशी, गालाच्या आतली पेशी, पर्णरंध्रं म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, परागकण, बटाट्याच्या स्टार्चचे कण, डबक्यातला पॅरामेशियम हा एकपेशीय जीव, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, बुरशीचे धागे हे सगळं व्यवस्थित दिसतं. दह्यातले जीवाणू मात्र दिसत नाहीत. त्यांची जाडी एका मायक्रॉनहून कमी असते. मुलांना ‘दह्यातले जंतू दाखवतो’ असं आधीच कबूल करू नका, हमखास हिरमोड होतो. दह्याच्या काचपट्टीवर जे गोल गोल थेंब दिसतात ते स्निग्धांशाचे असतात.

जुळणीला शोधनिबंधात दहा मिनिटांहून कमी वेळ सांगितला आहे. तो सराव झालेल्या हाताचा आहे. मुलं पहिल्यांदा करत असतील तर पाऊण तास धरा, आणि मध्ये उठावं लागणार नाही अशी वेळ निवडा. पट्ट्या कागदासारख्या दिसल्या तरी पाण्याने भिजत नाहीत, सहज फाटत नाहीत. याच गुणामुळे त्या घडीला थोड्या हट्टीही असतात. प्रत्येक घडी आधी हाताने घालायची, मग तिच्यावरून मोजपट्टीची कड किंवा चमच्याची पाठ दाबून न्यायची. घडी अर्धवट राहिली की पट्ट्या एकमेकींत नीट सरकत नाहीत, आणि फोकस साधला म्हणता म्हणता निसटतो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं, भिंगात नसतं. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे फोकसची पट्टी उलट्या बाजूने सरकवणं. जुळणी झाल्यावर नमुना न घालता ती दोन्ही बाजूंना ओढून पाहा. भिंग नमुन्याच्या जवळ-लांब होताना जाणवलं पाहिजे. भिंगाच्या भागाला बोट लावायचं नाही, कडेने धरायचं. बोटाचा तेलकट ठसा उमटला तर दृश्य धुरकट होतं आणि मुलांना वाटतं उपकरणच वाईट आहे.

सात वर्षांचं मूल घड्या घालू शकतं, पण पट्ट्या एकमेकींत ओवताना मोठ्यांचा हात लागतो. अकरा-बाराच्या पुढचं मूल चित्रं बघून एकट्याने पूर्ण करतं. थोरल्याने आधी आपला जुळवायचा आणि मग धाकट्याला शिकवायचं, हा क्रम चांगला. शिकवताना कुठली पट्टी कशासाठी आहे ते थोरल्याला तोंडाने सांगावं लागतं, आणि त्यातच त्याचं स्वतःचं पक्कं होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तीवर बाकीचं सगळं अवलंबून आहे. या मण्यातून स्पष्ट दिसायला नमुना भिंगापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असावा लागतो. वरच्या 1.75 मधून मण्याची त्रिज्या, म्हणजे 1.19, वजा करा. उरतं तेवढंच अंतर. याचे परिणाम तीन. पहिला, काचपट्टीची नमुना असलेली बाजू भिंगाकडेच हवी. साध्या काचपट्टीची जाडी एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते, म्हणून ती उलटी घातली तर काही केल्या फोकस होणार नाही. ‘काहीच दिसत नाही’ म्हणून मूल रडकुंडीला आलं की सगळ्यात आधी हे तपासा. दुसरा, जाड नमुना चालत नाही. अख्खी मुंगी, भाजीचा काप, फुलाची अख्खी पाकळी हे भिंगाला टेकतं आणि प्रकाशही आरपार जात नाही. मुंगीचा पाय किंवा माशीचा पंख उत्तम दिसतो. तिसरा, पाण्यातल्या नमुन्यावर कव्हर स्लिप (अगदी पातळ काचेचा चौकोनी तुकडा) किंवा पारदर्शक सेलोटेप हवीच. उघडा थेंब भिंगाला लागला की पाणी मण्याभोवती पसरतं आणि पुसून वाळेपर्यंत काम थांबतं. टेप पूर्ण पारदर्शक घ्या. जिच्यावर पेनने लिहिता येतं ती दुधी टेप इथे कामाची नाही.

भिंग पुसायला मऊ कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब पुरे. शर्टाच्या टोकाने पुसू नका.

डोळ्याने पाहताना उपकरण डोळ्याच्या अगदी जवळ, पापण्या टेकतील इतकं न्यावं लागतं. लहान मुलं ते चार बोटं लांब धरतात, मग त्यांना मधोमध फक्त उजेडाचा ठिपका दिसतो. चष्मा असेल तर काढून पाहिलं तरी चालतं, नंबराचा फरक फोकसमध्ये भरून निघतो. उजेडासाठी खिडकीबाहेरचं आभाळ, ट्यूबलाइट किंवा उन्हाने उजळलेली पांढरी भिंत. सूर्याकडे रोखून कधीही बघायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशी सांगायचा, दर वेळी सांगायचा, आणि सात वर्षांच्या मुलाला बाहेर उन्हात एकट्याने वापरायला द्यायचं नाही.

एलईडी दिवा वापरत असाल तर त्याच्यापुढे बटर पेपरचा तुकडा लावा. थेट उजेडात पारदर्शक गोष्टी पांढऱ्याफटक पडतात, आणि कागद लावल्यावर पेशीच्या भिंती उठून दिसतात. पाण्यातले जीव पाहताना उपकरण उजेडापासून किंचित तिरकं करा. मागचं दृश्य काळपट होतं आणि जीव चमकायला लागतात.

डोळ्याने एका वेळी एकच जण पाहू शकतो, आणि भावंडांत भांडणाला एवढं कारण पुरतं. त्यावर तोडगा म्हणजे मोबाईल. चुंबकी कडी मोबाईलच्या कॅमेऱ्याभोवती चिकटवायची, फोल्डस्कोप तिला टेकवला की आपोआप बसतो. आता फोनला तीन-तीन कॅमेरे असतात. कॅमेरा ॲप चालू करून एकेका भिंगावर बोट ठेवा, ज्यावर ठेवल्यावर पडदा अंधारतो तो चालू कॅमेरा. कडी त्याच्याभोवती, अगदी मध्य साधून. जवळची वस्तू दिसली की काही फोन स्वतःहून मॅक्रो कॅमेऱ्याकडे उडी मारतात, ती सोय आधी बंद करून ठेवा. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस कुलूपबंद होतो, त्यानंतर फोकस फक्त फोल्डस्कोपच्या पट्टीनेच साधायचा. दोन्हीकडून फोकस करत राहिलात तर तासभर गेला तरी चित्र स्थिर होणार नाही. फोटो तीन सेकंदांच्या टायमरवर काढा, बोटाच्या धक्क्याने हलत नाही. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, तिथे चुंबक जवळ आल्यावर चित्र थरथरू शकतं. तसं झालं तर घरातला जुना, साधा फोन वापरा. बहुधा तोच जास्त चांगला चालतो. फोनचा पडदा टीव्हीवर घेतला तर आजी-आजोबांसकट सगळं घर एकदम पाहू शकतं.

मग मोबाईल असताना दोन फोल्डस्कोप कशाला? पहिलं कारण आरोग्याचं. उपकरण डोळ्याला टेकतं, आणि पावसाळ्यात डोळे आले की एकाचं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. ज्याचा त्याचा फोल्डस्कोप, वर नाव घातलेला, हाच नियम बरा. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं वाटतं. सूक्ष्मदर्शकात शोधण्याला वेळ द्यावा लागतो. पट्टी हळूहळू सरकवत, काही न मिळता, पाच-सात मिनिटं जातात आणि मग एखादी गोष्ट समोर येते. एकच उपकरण असेल तर शेजारी उभं असलेलं भावंड ‘झालं का, झालं का’ करत राहतं आणि पाहणारा घाईने उरकतो. दोन असले की दोघं आपापलं शोधतात, आणि काही मिळालं की मोबाईलवर एकमेकांना दाखवतात.

सुरुवात कांद्याने करा. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा सहज सुटतो, पण तो बिनरंगी असतो. त्याला रंग द्यावा लागतो. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन एक थेंब, पाणी पाच थेंब, एवढं पुरेसं. दोन मिनिटांनी पेशींची केंद्रकं पिवळसर-तपकिरी दिसू लागतात. सात वर्षांच्या मुलासाठी सोपी वाट म्हणजे लाल कांद्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा पापुद्रा. त्या पेशी मुळातच जांभळ्या असतात, रंग द्यायची गरज नाही. पापुद्रा पाण्याच्या थेंबात पसरताना दुमडला तर दोन थर एकमेकांवर दिसतात आणि काहीच कळत नाही. दाभणाच्या टोकाने तो सरळ करायचा. कव्हर स्लिप एका कडेने टेकवून हळूच झोपवायची. वरून धपकन टाकली तर आत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या जाड कडेचे ते गोल प्रत्येक मूल ‘पेशी सापडली’ म्हणून दाखवतं. बुडबुडा कसा दिसतो हे एकदा मुद्दाम दाखवून ठेवा.

स्टार्चचा प्रकल्प दोन्ही वयांना पुरतो आणि सगळं सामान स्वयंपाकघरात असतं. बटाटा, तांदळाचं पीठ, गव्हाचं पीठ, कॉर्नफ्लोअर आणि साबुदाण्याची पूड. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात सुईच्या टोकावर येईल एवढंच पीठ. चिमूटभर घातलं तर पडदा काळा पडतो. कव्हर स्लिप ठेवल्यावर तिच्या एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिश्यू पेपर लावायचा. कागद पाणी शोषतो आणि आयोडीन आपोआप आत ओढलं जातं. कण एकामागोमाग एक निळे होत जाताना दिसतात, तेव्हा डोळा भिंगावरच हवा. बटाट्याचे कण मोठे, लांबट, मोठ्यांत आडव्या वलयांसारख्या रेषा. गव्हात दोन आकार एकत्र, मोठ्या चकत्यांच्या मध्ये बारीक गोळ्या. तांदळाचे कण इतके बारीक, 3 ते 8 मायक्रॉनचे, की त्यांचं टोकदारपण या उपकरणाच्या शक्तीच्या अगदी सीमेवर येतं. थोरल्याने पाच काचपट्ट्यांना आकडे घालायचे, नावं झाकून ठेवायची आणि धाकट्याने पीठ ओळखायचं. मग उलट. दोन-तीन फेऱ्यांनंतर दोघांनाही बटाटा आणि गहू चटकन ओळखता येतात.

परागकणांना तर आणखी कमी तयारी लागते. जास्वंदीच्या मधल्या दांडीवरचा पिवळा पराग सेलोटेपने टिपायचा आणि टेप काचपट्टीवर चिकटवायची. हे कण एक दशांश मिलिमीटरहूनही मोठे असल्यामुळे पटकन सापडतात. पहिल्यांदा दिसतो तो काळपट गोळा आणि कडेने टोकदार काटे. फोकसची पट्टी केसभर सरकवली की कडेचे काटे पुसट होतात आणि आपल्याकडे तोंड करून असलेले काटे ठिपक्यांसारखे उमटतात. आणखी केसभर सरकवलं की पुन्हा कड. एका वेळी एकच पातळ थर स्पष्ट दिसतो आणि गोल वस्तू थराथराने पाहावी लागते, ही सूक्ष्मदर्शकाची मुख्य रीत जास्वंद सगळ्यात चांगली शिकवते. पावसाळ्याच्या शेवटी रस्त्याकडेच्या गवताचा तुरा आणून त्याचा पराग शेजारी ठेवा. तो गुळगुळीत असतो. किड्यांच्या अंगाला चिकटून जाणाऱ्याला काटे आणि वाऱ्यावर जाणाऱ्याला नाहीत, हे मुलं स्वतःहून बोलतात. तोवर थांबा, आधी सांगू नका.

थोरल्यासाठी ऱ्हिओ. वरून हिरवी, खालून जांभळी पानं असलेलं हे झाड सोसायटीच्या बागांमध्ये सर्रास असतं, आणि अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात हेच वापरतात. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटतो. त्यात जांभळ्या पेशी आणि मधून मधून हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या, म्हणजे पर्णरंध्रं. आता 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ, साधारण एक सपाट छोटा चमचा, विरघळवून तो थेंब टिश्यूच्या युक्तीने आत ओढा. पाच-दहा मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसतो. हा रससंकोच. लगेच साधं पाणी ओढलं तर पुष्कळशा पेशी पुन्हा फुगतात. खूप वेळ मिठात ठेवलं तर मरतात आणि परत येत नाहीत. हा प्रयोग मोबाईलवर व्हिडिओ लावून करा, कारण बदल संथ असतो आणि व्हिडिओ भराभर चालवून पाहिला की उठून दिसतो.

डबक्याचं पाणी थेट पाहिलं तर बरेचदा काही मिळत नाही, कारण जीव विरळ असतात. ते वाढवावे लागतात. मूठभर वाळकं गवत लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, एक दिवस बरणीत निवू द्या, मग अर्धी वाटी डबक्याचं किंवा जुन्या कुंडीच्या ताटलीतलं पाणी घाला. वर फडकं बांधा, बरणी सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पाणी गढुळतं, ते जीवाणूंमुळे. ते खाऊन वाढणारे पक्ष्माभधारी (अंगावर केसांसारखे बारीक तंतू असलेले) जीव चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत भरपूर होतात. नमुना वरच्या सायीजवळून घ्या. ते इतके वेगाने पळतात की मुलं वैतागतात, म्हणून थेंबात कापसाचे चार-पाच सुटे तंतू घाला. तंतूंच्या जाळीत अडकून ते जागेवर फिरतात. बरणी वास मारते, तेव्हा गॅलरीत ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवायला लावा.

वहीबद्दल एकच सांगतो: आधी चित्र, मग फोटो. वाटी पालथी ठेवून गोल काढायचा, त्यात पेन्सिलीने जे दिसतं ते, शेजारी तारीख, नमुना कुठला, रंग कुठला. फोटो आधी काढला की पाहणं संपतं. धाकट्याची चित्रं वेडीवाकडी आली तरी दुरुस्त करू नका. थोरल्याने त्यात मोजमाप घालायचं. त्यासाठी आलेखाच्या कागदाचा, एक मिलिमीटर चौकटीचा तुकडा काचपट्टीवर चिकटवून त्याचा फोटो घ्या. झूम जो असेल तोच पुढे कायम ठेवायचा. समजा फोटोत एक मिलिमीटर 2000 पिक्सेल भरला आणि कांद्याची पेशी 600 पिक्सेल, तर पेशीची लांबी 0.3 मिलिमीटर, म्हणजे 300 मायक्रॉन. गोल भिंगामुळे दृश्याच्या कडा धूसर आणि थोड्या वाकलेल्या असतात, तेव्हा मोजायची वस्तू मध्यावर आणा आणि उत्तर अंदाजाचंच समजा.

दुसरे पर्यायही पाहूया. यूएसबीचे डिजिटल सूक्ष्मदर्शक कापडाची वीण, नाण्यावरची अक्षरं, अख्खा किडा अशा अपारदर्शक गोष्टींसाठी चांगले, त्या गोष्टी फोल्डस्कोपला जमतच नाहीत. पेशींसाठी मात्र ते सहसा अपुरे पडतात. महाविद्यालयात असतो तसा, 10 पटीचं नेत्रभिंग आणि 10 व 45 पटींची वस्तुभिंगं असलेला विद्यार्थी सूक्ष्मदर्शक 450 पटींपर्यंत जातो आणि दर्जात फोल्डस्कोपच्या बराच पुढे आहे. थोरल्याला पुढे जीवशास्त्रच घ्यायचं असेल, एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) बारावीची तयारी करायची असेल, तर तो कधीतरी घ्यावाच लागेल. तो टेबलावरून हलत नाही, आणि फोल्डस्कोप खिशात घालून नदीकाठी नेता येतो, हा फरक राहतोच. शिवाय 10 पटीचं साधं हातभिंग घरात आधी असावं. नमुना कुठून घ्यायचा ते त्यानेच कळतं.

डिलक्स संचात चिमटा, ड्रॉपर, पेट्री डिश, नळ्या, एलईडी दिवा अशा वस्तू डब्यातून येतात. भेट द्यायला तो सुंदर आहे. पण यातलं बहुतेक सामान इथे स्वस्तात मिळतं. 50 काचपट्ट्यांचा खोका आणि 22 मिलिमीटरच्या चौकोनी कव्हर स्लिपांची डबी कुठल्याही शैक्षणिक साहित्याच्या दुकानात, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर सहज मिळते. मिथिलीन ब्लू मासे विकणाऱ्या दुकानात मिळतं, एक थेंब दहा थेंब पाण्यात घालून ते गालाच्या पेशींना उत्तम चालतं. उरलेल्या पैशांत दुसरा फोल्डस्कोप येतो. मागवताना मात्र मोबाईलची चुंबकी कडी पाकिटात आहे ना, एवढं विचारून घ्या. काही पाकिटांसोबत येणाऱ्या कागदी काचपट्ट्या सुक्या नमुन्यांना ठीक, ओल्यांना काचेच्याच वापरा.

धोक्यांपैकी एक गंभीर आहे. चुंबकाच्या कड्या आणि एलईडीतला बटण-सेल. घरात तीन-चार वर्षांचं आणखी एखादं मूल असेल तर दोन्ही कुलपात. एकाहून जास्त चुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंतींना मधे धरून एकमेकांना चिकटतात, आणि बटण-सेल अन्ननलिकेला काही तासांत भाजून काढतो. गिळल्याची शंका आली तरी ताबडतोब रुग्णालय गाठायचं. गालाच्या पेशी घेताना प्रत्येकाची टूथपिक वेगळी, वापरून झाल्यावर काचपट्टी गरम साबणाच्या पाण्यात. बोट टोचून रक्त पाहायचं नाही. बुरशीची वाटी नाकाजवळ उघडायची नाही, दमा असलेल्या मुलाने तर हा नमुना सोडूनच द्यावा. टेपने टिपून लगेच झाकण लावायचं.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पट्ट्यांना काही होत नाही, पण कडी चिकटवायच्या गोल स्टिकरचा गोंद सुटतो आणि भिंगावर बाष्प धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. घडीच्या जागा वर्षभराच्या वापरानंतर सैल पडल्या तर आतल्या बाजूने टेपची अरुंद पट्टी लावली की पट्टी पुन्हा घट्ट सरकते. टेप फोकसच्या वाटेत येणार नाही एवढं पाहा.